आबांचा चेहरा आणि सातवी नस

अंबाजोगाई

प्रिय बालाजी,

सगळ्यात आधी हे वाच आणि मग श्वास सोड: आबांना अर्धांगवायू झालेला नाही. मेंदू शाबूत आहे. दुखावली आहे ती चेहऱ्याची डावी नस, म्हणजे रक्ताची नव्हे, स्नायू हलवणारा मज्जातंतू. फोनची रेंज सारखी जात होती आणि तू इतका घाबरला होतास की माझं अर्धं बोलणं तुझ्यापर्यंत पोचलंच नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूनं गळायलंय हे तुझ्या आईच्या लक्षात आलं. दुपारपर्यंत गावभर झालं, आबांवरून वारं गेलं. कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं, कुणी मालिशवाल्याचा पत्ता दिला. आईनं कुणाचं काही न ऐकता त्यांना तडक माझ्याकडं आणलं, याबद्दल तिचे पाय धरावेत असं मला मनापासून वाटलं.

मी म्हटलं, "आबा, भुवया वर करा." उजव्या कपाळावर आठ्या पडल्या, डावं कपाळ गुळगुळीतच. "आता डोळे घट्ट मिटा." उजवा मिटला, डावा अर्धा उघडाच, आणि फटीतून बुबुळ वर सरकलेलं दिसलं. सगळी मेख या कपाळात आहे. कपाळाच्या स्नायूंना हुकूम मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून मिळतो, गाल-ओठांना मात्र मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. म्हणून मेंदूत अर्धांगवायूचा झटका आला तर तोंड वाकडं होतं, पण कपाळावर आठ्या बहुधा पडतात. नसच बिघडली तर कपाळापासून हनुवटीपर्यंत ती अख्खी बाजू लुळी पडते. पुढं हातापायातली ताकद, बोलणं, चालणं तपासलं, कानात पुरळ आहे का तेही पाहिलं. सगळं ठीक होतं.

तरी एक गोष्ट गाठीला बांध. असं कुणाचंही झालं तर घरी कपाळ बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. झटका असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. आपल्या भागात पहिला दिवस तेल चोळण्यातच जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

इथल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना पहिल्यांदा मेंदू हातात घेतला होता. जेमतेम 1300-1400 ग्रॅमचा ऐवज, शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तोच खातो. उलटा करून पाहिला की तळाशी नसांचे पांढरे धागे दिसतात. अशा बारा जोड्या. पहिली वासाची, दुसरी नजरेची, तिसरी-चौथी-सहावी डोळे फिरवणारी, पाचवी चेहऱ्याला स्पर्श कळवणारी, आठवी ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. दहावी तर मानेतून उतरून काळजाला आणि पोटाला जाऊन भिडते.

आबांची आहे ती सातवी. ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या तळाच्या देठातून निघून ती कानाच्या हाडातल्या अरुंद, वळणावळणाच्या नळीतून जाते, कानामागून बाहेर पडते आणि गालात पाच फांद्यांनी पसरते. नस सुजली की त्या हाडात तिला जागाच उरत नाही, सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तशी ती चेपते. सूज का येते हे दरवेळी सांगता येत नाही. बऱ्याचदा अंगात दबून असलेला नागिणीच्या जातकुळीतला विषाणू उठतो असं मानतात. याला बेल्स पाल्सी म्हणतात. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकानं 1821 मध्ये या नसेचं काम मांडलं होतं.

आता आबांच्या बाकीच्या तक्रारींचा उलगडा होईल. ठेचा बेचव लागायलाय, कारण जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव हीच नस आणते. हरिपाठातला टाळ डाव्या कानात घणासारखा बसायलाय, कारण मोठा आवाज आवरणारा कानातला चिमुकला स्नायूही हिच्याच ताब्यात आहे. आबा हे सांगत होते आणि मला त्या नळीतली नेमकी जागा समोर दिसत होती. खरं सांगतो, शरीराचा इतका चोख हिशेब पाहून आजही अंगावर काटा येतो.

प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू केल्यात. त्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर चांगला गुण येतो आणि आपण वेळेत आहोत. त्यानं साखर वाढते, म्हणून साखरेवर लक्ष ठेवणार आहे. मला खरी काळजी डोळ्याची आहे. पापणी मिटत नाही, त्यात तुरीची रास चालू, सगळीकडं भुसकट. बुबुळाला जखम झाली तर नजरेवर बेतेल. दिवसा थेंब आणि गॉगल, रात्री मलम लावून पापणीवर पट्टी, हे आईला करून दाखवलंय. राशीवर जायचं नाही असं मी आबांना बजावलंय, पण ते माझं किती ऐकतील हे तुला माहीत आहे. तू सांग.

बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत हलायला लागतो, काहींना तीन-चार महिनेही लागतात. थोड्यांचा किंचित वाकडेपणा राहतो, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

आबा हल्ली पारावर जात नाहीत, जेवतानाही भिंतीकडं तोंड करतात. तू व्हिडिओ कॉल लावू नकोस, साधा फोन लाव, रोज लाव, आणि तुरीच्या भावाबद्दल विचार. सोमवारी मी गावाकडं जाऊन त्यांचा डोळा पुन्हा बघतो आणि तिथूनच तुला फोन करतो.

तुझा,
विठ्ठल