टॅब कम्प्लीशनसाठी ओळ नको, फाइल हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कमांड लाइनवरचे नवे साधन शिकवताना टॅब कम्प्लीशनचा, म्हणजे अर्धवट आज्ञा टॅब दाबून पूर्ण करण्याचा, विषय निघाला की एक ठरलेली ओळ सांगितली जाते: .बॅशआरसीच्या (बॅश हा आज्ञा चालवणारा शेल सुरू होताना वाचतो त्या फाइलच्या) तळाशी 'सोर्स <(कुबसीटीएल कम्प्लीशन बॅश)' लिहा आणि नवे टर्मिनल उघडा. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन.) ओळ चुकीची नाही; कुबसीटीएल हे अनेक सर्व्हरांवर प्रोग्राम चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीचे साधन आहे आणि तिच्या अधिकृत माहितीतही ती ओळ आहे. पण कॉलेजच्या लॅबमध्ये आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत तेवढ्यावरच विषय संपवणे बरोबर नाही.

त्या ओळीमुळे प्रत्येक टर्मिनल उघडताना कुबसीटीएल एकदा चालते, शेकडो ओळींची स्क्रिप्ट छापते आणि बॅश ती सगळी वाचतो. मग त्या खिडकीत कुबसीटीएल वापरायचे असो वा नसो. त्यात हेल्म, जीएच, रस्टअप या साधनांच्या अशाच ओळींची भर पडली की प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची जागा, रेंगाळत येतो आणि दोष मात्र बिचाऱ्या मशीनला दिला जातो.

खरे तर बॅश-कम्प्लीशन या पॅकेजमध्ये याची सोय आधीपासून आहे. होम फोल्डरमध्ये .लोकल/शेअर/बॅश-कम्प्लीशन/कम्प्लीशन्स हा मार्ग 'एमकेडीआयआर -पी'ने तयार करावा आणि 'कुबसीटीएल कम्प्लीशन बॅश'चे आउटपुट तिथे 'कुबसीटीएल' याच नावाच्या फाइलमध्ये वळवावे. फाइलचे नाव कमांडच्या नावाशी जुळलेच पाहिजे, कारण पहिल्यांदा टॅब दाबला जातो तेव्हा बॅश-कम्प्लीशन त्या नावानेच फाइल शोधते आणि तेव्हाच वाचते. टर्मिनल उघडताना काहीच चालत नाही. लॅबमधल्या सगळ्यांसाठी एकदाच करायचे असेल तर हीच फाइल /यूएसआर/लोकल/शेअरखालच्या तशाच फोल्डरमध्ये ठेवावी. /ईटीसी/बॅश_कम्प्लीशन.डी हे जुने ठिकाण अजून चालते, पण तिथल्या फाइली टर्मिनल उघडतानाच वाचल्या जातात. म्हणजे पुन्हा तेच.

इथे हमखास होणारी गफलत म्हणजे 'सुडो कुबसीटीएल कम्प्लीशन बॅश > ...' असे लिहिणे. प्रशासकाचे अधिकार देणारे सुडो लावूनही 'परमिशन डिनाइड' येते, कारण '>' हे फाइलमध्ये वळवण्याचे काम सुडो करत नाही, तुमचा शेल तुमच्याच अधिकारात करतो. आउटपुट पाइप करून 'सुडो टी'कडे द्यावे; टी ते फाइलमध्ये लिहिते. दुसरे, कमांड फसली तरी '>' रिकामी फाइल तयार करून ठेवते. मग टॅब दाबल्यावर ना एरर, ना सूचना. म्हणून फाइल बनवल्यावर सुरुवातीच्या ओळी दाखवणारे 'हेड' चालवून आत खरोखर स्क्रिप्ट आहे ना, हे पाहावे. आणि टॅब दाबताच '_गेट_कॉम्प_वर्ड्स_बाय_रेफ: कमांड नॉट फाउंड' आले, तर स्क्रिप्टला नावे ठेवू नयेत; बॅश-कम्प्लीशन पॅकेज बसवलेले नाही किंवा बसवूनही त्या शेलमध्ये लोड झालेले नाही. मॅकबरोबर येणारा बॅश ३.२ आवृत्तीचा आहे, त्यावर बॅश-कम्प्लीशनची दुसरी आवृत्ती चालतच नाही.

कुबसीटीएलला 'के' असा एलियस (छोटे पर्यायी नाव) ठेवणाऱ्यांची अडचण वेगळी. 'कम्प्लीट -ओ डिफॉल्ट -एफ __स्टार्ट_कुबसीटीएल के' ही प्रसिद्ध ओळ .बॅशआरसीत असेल आणि स्क्रिप्ट मात्र वरच्या पद्धतीने मागाहून लोड होणार असेल, तर पहिल्या टॅबला ते फंक्शन सापडतच नाही. एलियस आहे तिथेच राहू द्यावा. कम्प्लीशन्स फोल्डरमध्ये 'के' नावाची दोन ओळींची फाइल करावी. पहिली ओळ शेजारची कुबसीटीएल फाइल पूर्ण पत्त्यासह सोर्स करणारी, दुसरी वरची 'कम्प्लीट'.

मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून झेडशेल हा मूळ शेल आहे, तेव्हा तिकडची रीतही शिकवायला हवी. 'कुबसीटीएल कम्प्लीशन झेडएसएच'चे आउटपुट '_कुबसीटीएल' नावाने, म्हणजे आधी अंडरस्कोर लावून, स्वतःच्या एका फोल्डरमध्ये ठेवावे आणि .झेडएसएचआरसीत ते फोल्डर 'एफपाथ'मध्ये, म्हणजे झेडशेल जिथे अशा फाइली शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, जोडावे. जोडणारी ओळ कम्प्लीशन सुरू करणाऱ्या 'कॉम्पइनिट'च्या आधी हवी. नंतर लिहिली तर तिचा उपयोग नाही. फाइल न करता स्क्रिप्ट थेट सोर्स केली आणि ती ओळ कॉम्पइनिटच्या वर पडली, तर 'कमांड नॉट फाउंड: कॉम्पडेफ' येते. सगळे बरोबर असूनही टॅब मुका राहिला तर .झेडकॉम्पडम्प ही साठवलेली यादी पुसून नवे टर्मिनल उघडावे. कॉम्पइनिट यादी जुनी झाली का, हे मुख्यतः फाइलींच्या संख्येवरून ठरवते. एक काढून एक घातली तर त्याला पत्ताच लागत नाही. 'इनसिक्योर डिरेक्टरीज'ची तक्रार आली तर 'कॉम्पऑडिट' फोल्डरांची नावे सांगते. त्यांवरचा ग्रुपचा लेखन-अधिकार काढावा. तक्रार दडपणारा '-यू' पर्याय लावू नये. फिश हा तिसरा शेल वापरणाऱ्यांना यातले काहीच करावे लागत नाही: .कॉन्फिग/फिश/कम्प्लीशन्समध्ये 'कुबसीटीएल.फिश' ठेवली की झाले.

फाइल ठेवली तर ती शिळी होईल, हा आक्षेप साधनागणिक तपासावा. कुबसीटीएल, हेल्म, जीएच ही गो भाषेतल्या कोब्रा लायब्ररीवर उभी आहेत. त्यांची स्क्रिप्ट नुसता निरोप्या असते. टॅब दाबला की ती '__कम्प्लीट' या छुप्या उपकमांडने मूळ प्रोग्रामलाच विचारते. त्यामुळे साधन अपडेट झाले तरी नवे पर्याय आपोआप दिसतात. (कुबरनेटीसवर चालणाऱ्या पॉडची नावे मात्र क्लस्टरकडून, म्हणजे सर्व्हरांच्या समूहाकडून, येतात; सर्व्हर पोहोचण्याजोगा नसेल तर टॅब अडकून बसतो.) रस्टअपची स्क्रिप्ट याउलट: पर्यायांची सगळी यादी आत कोरलेली, म्हणून अपडेटनंतर ती पुन्हा बनवावीच लागते. पायथॉनच्या क्लिक लायब्ररीने तर ८.० आवृत्तीत स्क्रिप्ट मागण्याचे रूपच 'सोर्स_बॅश'वरून 'बॅश_सोर्स' असे उलटवले, त्यामुळे जुन्या लेखांतली ओळ उचलली की काम होत नाही.

खरी जबाबदारी साधने बनवणाऱ्यांची आहे. पुण्यात कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी कमांड लाइनची साधने सतत बनत असतात. त्यांच्या लिनक्सवर बसवायच्या डेब आणि आरपीएम पॅकेजांतच तिन्ही शेलच्या फाइली त्यांच्या जागी घालून द्याव्यात, म्हणजे वापरणाऱ्याला काही करायलाच नको. स्क्रिप्ट बिल्डच्या, म्हणजे पॅकेज बनवण्याच्या, वेळी प्रोग्राम चालवून काढावी लागते, आणि एआरएम प्रोसेसरसाठी बनवलेला प्रोग्राम इंटेलच्या बिल्ड मशीनवर साधारणपणे चालत नाही. अशा वेळी त्याच कोडचा बिल्ड मशीनवर चालणारा प्रोग्राम आधी बनवून स्क्रिप्ट त्याच्याकडून घ्यावी. तीच स्क्रिप्ट इंटेल आणि एआरएम दोन्हींच्या पॅकेजांत चालते.

– एक प्रणाली प्रशासक, पुणे