संध्याकाळी सात ते बाराचा पगार : सोलापूरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा

विषय : किशोरवयीन मुलांच्या हातातील शस्त्रे रोखण्यासाठी वस्तीपातळीवर चालणाऱ्या कार्यक्रमास तीन वर्षांचा सलग निधी मिळणेबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या खडखडाटामुळे जिथे शेजारी बसलेल्या माणसाशीही मोठ्याने बोलावे लागते अशा एका वस्तीत, आम्ही काही जण बारा ते अठरा वर्षांच्या मुलांबरोबर काम करतो. मुलाच्या हातात कोयता किंवा कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, येण्याआधी त्याच्यापर्यंत पोचायचे आणि आलाच असेल तर तो चालण्याआधी मध्ये पडायचे, एवढेच आमचे काम. त्यातल्या नोंदवह्या, हिशेब आणि माणसे सांभाळणे माझ्याकडे आहे. मुले बिघडली, मोबाईलने बिघडवली, हे आपण सभांमधून पुष्कळ ऐकले असेल. मी आपल्याला लिहितो आहे ते चार माणसांच्या पगाराविषयी.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. पंधरा वर्षांच्या एका मुलाने व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला हातात पिस्तूल धरलेला फोटो ठेवला. खाली मजकूर काही नाही, फक्त पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलाच्या नावाचे पहिले अक्षर. साडेनऊच्या सुमारास तो फोटो आमच्या कार्यकर्त्याकडे आला. त्याला सगळी वस्ती अण्णा म्हणते. तो लगेच मुलाच्या घरी गेला. आई विडीचे सूप मांडीवर घेऊन दारात बसली होती, कारण सकाळी कारखान्यात द्यायच्या विड्या पुऱ्या व्हायच्या होत्या. अण्णा तिच्याशी तेलुगूत बोलला, आरडाओरड केली नाही. मुलाने माळ्यावरच्या डब्यातून ते पिस्तूल काढून दिले. ते लायटर निघाले. चाप ओढला की नळीच्या टोकाशी निळी ज्योत यायची. पण पलीकडच्या गल्लीला हे ठाऊक नव्हते. तिथे एव्हाना दोन कोयते जमले होते, त्यातला एक ऊसतोडीचा, मुठीला सुतळी गुंडाळलेला. अण्णा लायटर खिशात घालून तिकडे गेला, त्या मुलांमध्ये बसला आणि खिशातून ते काढून त्यावर स्वतःची विडी पेटवली. आधी कोणी बोलेना, मग एक जण फिसकन हसला. बाराच्या आत दोन्ही कोयते आमच्या खोलीत आले.

या रात्रीची नोंद कोणत्याही ठाण्यात नाही, कारण काही घडलेच नाही. आणि आमची सगळी अडचण इथेच आहे : जे घडले नाही त्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायचा, हे आम्हाला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

अण्णा दिवसा रिक्षा चालवतो. तरुणपणी तो स्वतः तडीपार होता, हे मी लपवत नाही, कारण मुले त्याचे ऐकतात ते त्यामुळेच. मी त्या कोपऱ्यावर जाऊन तेच शब्द बोललो तर मुले ‘हो सर’ म्हणतील आणि मी वळलो की पुन्हा मॅटर, म्हणजे भांडण, सुरू करतील. अशा माणसाला संध्याकाळी सात ते रात्री बारा कोपऱ्यावर उभे करायचे तर त्याची तेवढ्या वेळेची कमाई बुडते आणि ती भरून द्यावी लागते. आम्हाला एका विभागामार्फत नावीन्यपूर्ण योजनेतून वर्षभराचा निधी मिळाला होता, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. मात्र त्यात मंडप, फलक, स्मृतिचिन्हे, अल्पोपाहार आणि व्याख्यात्याचे मानधन एवढेच बसत होते. अण्णाला व्याख्याता दाखवा, असे एका कर्मचाऱ्याने सद्‌हेतूने सुचवले. अण्णा म्हणाला, ‘मी जन्मात पाच मिनिटांच्या वर बोललो नाही.’ दुसऱ्या वर्षी प्रस्ताव परत आला. कारण असे की, योजना आता नावीन्यपूर्ण राहिलेली नाही.

आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात, म्हणून हे आपल्यापुढे मांडतो. वस्तीतला विश्वास आर्थिक वर्षाप्रमाणे ३१ मार्चला संपत नाही. पण माणूस दोन महिने दिसला नाही तर तो नक्की संपतो. अमेरिकेत शिकागो शहरात गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञाने २००० साली असाच कार्यक्रम सुरू केला. हिंसा माणसाकडून माणसाकडे साथीसारखी पसरते, म्हणून तिची साखळी वस्तीतल्याच, पूर्वी त्या जगात वावरलेल्या पगारी माणसांनी तोडावी, ही त्यामागची कल्पना. तिथला प्रश्न बंदुकीचा आहे आणि आपल्यापेक्षा फार भयंकर आहे. २०२० साली त्या देशात १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचे पहिले कारण बंदूक ठरले. आपल्याकडे बंदूक तुलनेने विरळ आणि कोयता घरोघर, त्यामुळे त्यांची योजना जशीच्या तशी उचलून चालणार नाही. पण त्यांच्या हिशेबाच्या वहीतली एक गोष्ट मला फार ओळखीची वाटली : २०१५ मध्ये राज्य सरकारचा निधी थांबला आणि त्यांची बहुतेक केंद्रे बंद करावी लागली. काम चुकले म्हणून ती बंद पडली नव्हती.

आता थोडे अप्रिय लिहितो. मागच्या वर्षी एका शासकीय कार्यक्रमात आमच्या सहा मुलांना ‘सुधारलेली मुले’ म्हणून मंचावर बोलावले गेले. गुलाबपुष्प दिले, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. संध्याकाळपर्यंत तो फोटो वस्तीतल्या प्रत्येक मोबाईलवर होता. त्यातल्या एकाचे नाव कोणत्याही गुन्ह्यात कधी आलेले नव्हते. तो फक्त आमच्या खोलीत अभ्यासाला यायचा. त्याला शाळेत ‘भाई’ म्हणून चिडवू लागले, आणि महिन्याभराने त्याने ती हाक खरी करायचे मनावर घेतले. त्याला परत आणायला आम्हाला वर्ष लागले, आणि तो पूर्ण परत आला आहे असे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते. मग ज्याच्यावर गुन्हाच नाही, त्याला आपण कौतुकाच्या नावाखाली उघडे कसे पाडतो? सोलापूरला हे वेगळे सांगायची गरज नसावी. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणाआड ठेवलेली त्यांची वस्ती, सेटलमेंट, याच शहरात होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी नुसता पत्ता सांगितल्यावर भुवया उंचावणारी माणसे अजून भेटतात.

म्हणून दुसरी विनंती नोंदवहीबाबत आहे. निधी देणारा प्रत्येक विभाग आमच्याकडे लाभार्थ्यांची नावानिशी यादी मागतो, आणि ती यादी या ना त्या मार्गाने पोलीस ठाण्यात पोचते, असा आमचा अनुभव आहे. पोलिसांशी आमचे वैर नाही. खरे अग्निशस्त्र असल्याचे कळले किंवा कोणाच्या जिवावर बेतते आहे असे दिसले तर आम्ही त्याच रात्री कळवतो. हे मुलांनाही पहिल्या दिवशी सांगून ठेवलेले असते, आणि तिथे मध्यस्थी करण्याचा शहाणपणा आम्ही करत नाही. बाकी नोंदवही मात्र आमच्या कपाटात राहावी. तपासणीसाठी अधिकाऱ्यांनी खोलीत येऊन ती जरूर पाहावी, पण तिची प्रत बाहेर जाऊ नये, अशी अट निधीच्या मंजुरीतच लिहून द्यावी.

पोलिसांकडून आमची अपेक्षा वेगळी आहे. पंधरा वर्षांचा मुलगा स्वतः कट्टा विकत घेत नाही. त्याच्या हातात तो कोणी तरी मोठा माणूस देतो, बहुधा ‘तू अल्पवयीन आहेस, लवकर सुटशील’ असे सांगून. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ मध्ये बालकाचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या प्रौढास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे. शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अवैध अग्निशस्त्र बनवणाऱ्या-विकणाऱ्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. ही कलमे असताना आमच्या वस्तीत चर्चा होते ती फक्त पकडलेल्या मुलाची. त्याला शस्त्र देणारा चौथ्या दिवशी त्याच टपरीवर चहा पिताना दिसतो. मुलाची धिंड निघाल्याने तो दबेल असे वाटणाऱ्यांनी धिंडीचे रील किती अभिमानाने फिरवले जातात ते एकदा पाहावे.

बाल न्याय अधिनियमाच्याच कलम १०७ नुसार विशेष बाल पोलीस पथकात दोन समाजसेवक असावेत, त्यातील एक महिला असावी. आम्हाला रात्री फोन करता येईल अशी ही माणसे हवीत. शिवाय बाल न्याय मंडळ मुलाला सामूहिक समुपदेशनाचा किंवा समाजसेवेचा आदेश देऊ शकते. तो आदेश कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली पाळला जावा याची लेखी व्यवस्था झाली, तर अशी मुले आमच्याकडे येऊ शकतील.

सिव्हिल हॉस्पिटलबद्दलची मागणी बिनखर्चाची आहे. ब्रिटनमधील कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या शल्यचिकित्सकाच्या पुढाकाराने, मारामारीत जखमी होऊन येणाऱ्यांची नावे न घेता केवळ ठिकाण, वेळ आणि हत्यार एवढीच माहिती नोंदवून ती शहराच्या यंत्रणांना नियमित दिली जाऊ लागली. आपल्या अपघात विभागातही हे तीन रकाने भरता येतील. अनेक जखमी मुले पोलिसांकडे तक्रारच करत नाहीत. ‘गाडीवरून पडलो’ म्हणतात. आमचा माणूस गुरुवारी कोणत्या चौकात उभा राहावा हे सध्या मी अंदाजाने ठरवतो.

अशी कामे शासनाला जमत नाहीत असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. २०२१ मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या काळात सोलापूर ग्रामीण पोलिसांनी हातभट्टीच्या गावांसाठी ‘ऑपरेशन परिवर्तन’ राबवले. छाप्यांबरोबर समुपदेशन आणि पर्यायी रोजगारही दिला, आणि अधिकाऱ्यांनी एकेक गाव दत्तक घेतले. तोच अधिकारी पुन्हा पुन्हा त्याच तांड्यावर जात राहिला, हे मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते.

जाता जाता लेझीमविषयी. गणेशोत्सवाआधी मंडळांचा लेझीमचा सराव सुरू झाला की आमचा कोपरा रिकामा होतो. चाळीस मुले रात्री दहापर्यंत घामाने निथळत असतात, आणि कोणाचे पाऊल चुकले एवढाच काय तो वाद. विसर्जनानंतरचे दोन आठवडे मात्र आमच्यासाठी सर्वांत कठीण. मंडळांना डीजेसाठी वर्गणी सहज मिळते. लेझीमच्या वस्तादाला बारा महिने ठेवण्याइतकी ती मिळत नाही. हा खर्चही आम्ही प्रस्तावात धरला आहे, तो हौस समजून वगळू नये.

प्रस्ताव तीन वर्षांचा आहे. त्यात चार कार्यकर्ते, एक समुपदेशक, खोलीचे भाडे, वस्तादाचे मानधन आणि वर्षातून एकदा बाहेरच्या संस्थेकडून तपासणी आहे. मंडप आणि स्मृतिचिन्हे आम्ही काढून टाकली आहेत. जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीआधी आपण एकदा खोलीवर यावे, अशी विनंती आहे. रात्री आठनंतर यावे, कारण त्याआधी मुले कामावर असतात. ताफा आणि छायाचित्रकार कृपया मुख्य रस्त्यावरच थांबवावेत. अण्णा आपल्याला आत घेऊन येईल.

माझे नाव या पत्राखाली देत नाही, कारण त्यावरून मुले ओळखू येतील; प्रस्तावाच्या मूळ प्रतीवर ते आहे.

आपला विश्वासू,
कार्यक्रम व्यवस्थापक
पूर्व भाग, सोलापूर