दहा दिवस माझा फोन लागणार नाही

ती. आई-बाबांना सा. न.

परवा इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना ध्यान शिबिराला जातेय म्हणून सांगितलं आणि तुमच्याकडे एकदम सामसूम झाली. नंतर आईने जावयाला वेगळा फोन करून ‘घरात सगळं ठीक आहे ना?’ विचारलं, तेही कळलं मला. ठीक आहे गं. भांडण नाही, आजार नाही, संन्यास तर नाहीच. दमलेय, एवढंच. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, माझं अर्धंच ऐकता, म्हणून लिहून पाठवतेय.

आई, तू इथे होतीस तेव्हा बघितलंस की. ‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर’ म्हणालीस. मी ओट्यापाशीच उभी होते, तरी कुकर करपला. एकही शिट्टी कानात शिरली नव्हती. डोक्यात दुसऱ्या दिवशीची मीटिंग चालू होती. रात्रीही तेच. फोन वाजलेला नसतो, तरी मी उठून बघते.

बाबा म्हणतात, त्यापेक्षा चार दिवस गोव्याला जाऊन या. पण गोव्याला लॅपटॉप येतो हो बरोबर. धम्मगिरीत, म्हणजे इगतपुरीच्या त्या केंद्रात, फोन पहिल्याच दिवशी जमा करून घेतात, म्हणून तर जातेय.

तिथलं वेळापत्रक कडक आहे. पहाटे चारला घंटा, साडेचारपासून ध्यान, अकराला जेवण, रात्री साडेनऊला दिवे बंद. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचंही नाही. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. बायका-पुरुषांची राहायची सोय वेगळी. फी नाही, शिबिर पूर्ण केलं की इच्छा असेल ते दान द्यायचं. आई, जपमाळ बॅगेत ठेवू नकोस, त्या दहा दिवसांत जप-पूजा बंद असते. उपासही चालत नाही, तेव्हा मधली संकष्टी माझ्या वाटणीची तूच कर. संध्याकाळी मात्र नव्या लोकांना चहाबरोबर फळं-मुरमुरे असतात, म्हणजे अगदीच उपाशी नाही ठेवत.

बाबा, ‘हे तर तुरुंगातल्या कैद्यांना करायला लावतात’ हे तुमचं खरंच आहे. १९९४ साली तिहारमध्ये हजारावर कैद्यांचं शिबिर झालं होतं, किरण बेदी तिथे असताना. त्यांचं भलं झालं असेल तर आयटीवाल्यांचंही होईल! आणि तुम्हाला आवडेल असं एक सांगते. हे केंद्र उभं करणारे गोएंका गुरुजी ब्रह्मदेशातल्या मंडालेत वाढलेले, मूळचे व्यापारी. ते ज्यांच्याकडे हे शिकले ते ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल होते. म्हणजे तुमच्याच लेखा खात्यातले. ऑफिस सांभाळून त्यांनी हे केलं.

रजा वाया जाते म्हणालात, तेवढं मात्र पटलं नाही. तुम्ही जन्मभर अर्जित रजा साठवलीत, निवृत्तीला ३०० दिवसांचे पैसे घेतलेत आणि त्यात वरची खोली बांधलीत. आमच्याकडे उरलेली रजा मार्चअखेर बुडते. आणि खरं सांगू? त्या खोलीपेक्षा तुम्ही दोघं कधीतरी आठवडाभर कुठेतरी नुसते बसलेले मला आवडलं असतं. लग्नं, बारशी, मयती सोडून तुम्ही रजा घेतलेली मला आठवत नाही.

तर आता कामाचं. सासूबाई येऊन राहताहेत, त्यामुळे लेकाच्या डब्याची काळजी नको. केंद्राच्या ऑफिसचा नंबर जावयाकडे आहे. खरंच अडलं तर निरोप पोचतो. पण ‘ती जेवली का’ हे विचारायला तो नंबर नाही, आई. बाबांच्या बीपीच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या कुरिअरने पाठवल्यात. मोतीबिंदूची तपासणी मी आल्यावरच ठेवलीय, तोवर परस्पर तारीख बदलू नका.

अकराव्या दिवशी सकाळी फोन हातात आला की आधी तुम्हालाच करेन. मग दोघं एकदम बोला हवं तेवढं.

तुमची,
मनू