‘कुठे अडकतं?’ असं विचारणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, हे तुमचं काम. वयाने तुम्ही माझ्याहून बऱ्याच लहान, तरी विभागातल्या सगळ्या पेशंटांसारखी मीही तुम्हाला ताईच म्हणते. तुमचं नाव इथे लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक आहे. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. डोक्याला मार लागून घरी परतलेली, वरून धडधाकट दिसणारी आणि आतून पार विस्कटलेली माणसं आपल्या आजूबाजूला पुष्कळ असतात. त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

अपघाताचं फार सांगत नाही. भर पावसाळा, पाण्याने भरलेला खड्डा, ह्यांच्या मागे मी बसलेली आणि गाडी घसरली. हेल्मेट होतं म्हणून कवटी शाबूत राहिली. पण डोक्याला असा जोराचा हिसका बसला की आत मेंदूही हिसडतो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं. हे ताणलेले तंतू सहसा दिसत नाहीत. माझा स्कॅन नॉर्मल आला. टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली बनवलेली ग्लासगो कोमा स्केल आजही सगळीकडे वापरतात. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल बघून तिच्यात गुण देतात. त्यात मला १५ पैकी १५ मिळाले. पेशंट शुद्धीवर किती आहे एवढंच ती पट्टी सांगते. पुढच्या महिन्यात पेशंटला हिशेबाची वही वाचता येईल का, हे त्या गुणांवरून कळत नाही, आणि घरी सोडताना मला ते कोणी सांगितलंही नाही.

घरी आले आणि माझंच घर मला सोसेना. कुकरची शिट्टी कानात खुपसल्यासारखी वाटायची. ट्यूबलाइटखाली डोळे मिटून बसावंसं वाटे. एकाच वेळी दोघं बोलायला लागले की दोघांचंही बोलणं हातचं जायचं. कुशीवर वळलं की खोली गरगरायची. झारा समोर टांगलेला दिसायचा, हात त्याच्याकडे जायचा आणि नाव काही केल्या ओठांवर येत नसे. दुपारी चारच्या सुमारास इतकी गळून जायचे की केसांचं रबर काढायलाही हात उठत नसे. झोप मात्र रात्री यायची नाही.

टाके नाहीत, प्लास्टर नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘अगं, छान दिसतेस की! देवाने वाचवलं बघ.’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण असं ऐकल्यावर आपण काय बोलणार? घरातही दोन पक्ष पडले होते. एकाचं म्हणणं, रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता उठून कामाला लाग, म्हणजे आपोआप बरं वाटेल. दुसऱ्याने मला पडदे ओढून अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवलं होतं. ऑफिसातले साहेब माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, ‘तुम्ही तर ठणठणीत दिसताय.’ त्या दिवशी लोकलमध्ये बसल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हे सगळं आपल्या मनाचेच खेळ असतील.

अशा अवस्थेत मी तुमच्याकडे आले. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं म्हणून आले. मी दारातून आत आले आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे एकदा बघितलंत. काही न विचारता उठून ट्यूबलाइट बंद केलीत, खिडकी उघडलीत आणि खडखडणाऱ्या पंख्यापासून माझी खुर्ची लांब ओढलीत. मग अगदी सावकाश विचारलंत, ‘सकाळी उठल्यापासून सांगा. कुठे कुठे अडकतं?’

ताई, तोवर जो तो मला ‘कसं वाटतंय?’ असंच विचारत होता, आणि त्याला मी ‘बरं आहे’ म्हणत होते. कुठे अडकतं हे मात्र मला सांगता आलं. डब्याची तयारी करताना अडकतं. फोनवर बोलता बोलता गॅस बारीक करायचा झाला की अडकतं. तुम्ही लिहून घेत होतात आणि मध्येच थांबून म्हणत होतात, ‘दमलात ना? पाच मिनिटं डोळे मिटा, मी आहे इथे.’ मी दमले आहे हे माझ्याआधी तुमच्या लक्षात आलं होतं.

पुढच्या खेपेला विभागातल्या छोट्या ओट्यावर तुम्ही मला पोहे करायला लावलेत. मी मनात म्हटलं, पोहे काय, डोळे झाकून होतील. पोहे भिजवले, कांदा चिरला, तेल तापत ठेवलं. तेवढ्यात तुम्ही मुद्दाम माझ्याशी मुलाच्या शाळेचं बोलायला लागलात. मी उत्तर देत राहिले. मोहरी तडतडली, कढीपत्ता काळा पडला, हळद जळली, धूर झाला, आणि मी तशीच बोलत उभी. तुम्ही गॅस बंद केलात आणि हळूच विचारलंत, ‘वास आला नाही का तुम्हाला?’

नव्हता आला. तोवर जेवण बेचव लागतंय एवढंच मला वाटत होतं. वास कळायचाच बंद झालाय हे ना मला कळलं होतं ना घरच्यांना. नाकाच्या वर चाळणीसारखं भोकाभोकांचं हाड असतं, त्यातून वासाच्या नसांचे धागे मेंदूकडे जातात आणि डोकं हिसडलं की ते तुटू शकतात, हे तुम्ही चित्र काढून समजावलंत. त्याच दिवशी फोन करून ह्यांना गॅस डिटेक्टर आणायला लावलात. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. मला तो उग्र वासही आला नसता आणि घरात मी दिवसभर एकटीच असायचे. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी तुमचे जन्मभर आभार मानीन.

चक्कर आणि डोळ्यांसाठी तुम्ही पुढे पाठवलंत. कानाच्या आतले बारीक कण जागेवरून हलल्याने खोली गरगरते, हे ईएनटीच्या डॉक्टरांकडे कळलं. त्यांनी डोकं ठरावीक दिशांना वळवायला लावलं आणि ती चक्कर खरोखर ओसरली. वहीतल्या ओळी निसटायच्या, कारण जवळचं बघताना दोन्ही डोळे नीट एकवटत नव्हते. त्याचे व्यायाम अजून चालू आहेत. म्हणजे ज्याला मी मनाचे खेळ समजत होते, त्यातल्या एकेका गोष्टीला शरीरात जागा होती.

दमण्याचं काय करायचं हे तुम्ही जसं सांगितलंत तसं कोणालाच सांगता आलं नसतं. ‘तुमच्याकडे पाणी किती वेळ येतं?’ तुम्ही विचारलंत. सकाळी तासभर, मी म्हटलं. ‘मग त्या तासात आधी काय भरता?’ पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग उरलं तर बाकीचं. ‘डोक्याचंही सध्या तसंच करायचं. आणि पिंप रिकामं होईपर्यंत थांबायचं नाही, अर्ध्यावर आलं की थांबायचं.’ हे मला त्याच क्षणी समजलं, कारण पाण्याचं हे गणित मी लग्न झाल्यापासून रोज करते आहे. चांगला दिवस उजाडला की साचलेली सगळी कामं उरकायची आणि मग दोन दिवस आडवं पडायचं, हे चक्र तिथून थांबलं. अंधाऱ्या खोलीचं खूळही तुम्हीच मोडून काढलंत. सुरुवातीचा एखाद-दुसरा दिवस विश्रांती ठीक. त्यापुढे थोडं थोडं चालणं आणि झेपेल तेवढं काम हवं, असं तुम्ही ह्यांना समोर बसवून सांगितलंत. बहुतेकांना काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत बरं वाटतं, पण काहींचं लांबतं. लांबलं म्हणून ते खोटं ठरत नाही, हेही सांगितलंत. आमचे हे त्या दिवसापासून बदलले. मिक्सर लावायच्या आधी आता मला सांगतात.

सासूबाई तुमच्याकडे आल्या होत्या ते आठवतं? त्यांनी माझी मीठ-मोहरीने दृष्ट काढली होती आणि तुम्हाला तसं सांगितलंही. तुम्ही हसला नाहीत. ‘आजी, तुमचं नाक आता घराला लागणार आहे,’ म्हणालात. दूध नासलंय का, आमटी आंबलीय का, गॅसचा वास येतोय का, हे तेव्हापासून त्याच बघतात. माझ्या काळजीने रडकुंडीला आलेल्या त्या बाईला तुम्ही हाताला काम दिलंत. मुलाला तुम्ही खाली वाकून सांगितलंत, ‘आईचा आवाज चढतो तेव्हा ती तुझ्यावर रागावलेली नसते, तिच्या डोक्यात गर्दी झालेली असते.’ त्याने घरी येऊन आपणहून खूण ठरवली. मी तळहात पालथा टेबलावर ठेवला की तो बोलायचा थांबतो आणि टीव्ही बंद करतो. आता पाहुण्यांनाही तोच समजावतो.

आणि ते पत्र! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन हे मज्जासंस्थेचे आजार त्यात नावानिशी आहेत. डोक्याच्या दुखापतीचं नाव नाही. साहेबांना दाखवावं असं माझ्याजवळ काहीच नव्हतं. तुम्ही माझ्या ऑफिसला लिहिलेल्या पत्रात दुखापतीवर एकच ओळ होती आणि बाकी सगळं कामावर. सलग पाऊण तास काम, मग दहा मिनिटं शांत जागी. तोंडी सूचना दिली तर दोन ओळींत लिहूनही द्यावी. बसायची जागा दारापाशी नको, खिडकीपाशी हवी. हजेरी एक तास उशिरा, म्हणजे गर्दीची लोकल टळते. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘एवढंच ना? मग करू की.’ माझ्या मते लोक बऱ्याचदा निष्ठुर नसतात, नक्की काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. तुम्ही ते सांगितलंत.

एकदा मी विचारलं होतं, ही विद्या आपल्याकडे आली कुठून? तुम्ही म्हणालात, मुंबईतूनच. केईएम रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकरांनी याचं आशियातलं पहिलं विद्यालय सुरू केलं आणि १९५२ मध्ये थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी केली. मूळच्या त्या अमेरिकेच्या एलिझाबेथ लंडी. निंबकरांशी लग्न करून इथल्या झाल्या. माझं माहेर फलटणचं. तिथल्या कमला निंबकर बालभवनाचं नाव मी लहानपणापासून ऐकत आले, पण कमला निंबकर कोण हे मला फलटणात कळलं नव्हतं. ते तुमच्या ओट्यापाशी कळलं. घरी येऊन आईला फोन केला. तीही म्हणाली, त्या बाईंचे आपल्यावर असे उपकार असतील असं कधी वाटलं नव्हतं.

आता कशी आहे ते सांगते. वही वाचते, ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरून. मंडळाच्या गणपतीला सकाळी लवकर जाऊन येते. आरतीच्या वेळी, ढोल सुरू असताना जात नाही. लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडल्या की बाहेर येते, आणि का आले हे विचारणाऱ्याला सरळ सांगते. वास परत कळावा म्हणून लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी सकाळ-संध्याकाळ हुंगते. लवंग अधूनमधून लागते, बाकीचं अजून नाही. शब्द कधी कधी हुलकावणी देतात, पण मी घाई करत नाही आणि समोरच्यालाही करू देत नाही. सगळं पूर्ववत होईल असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. त्यामुळे तुम्ही जे म्हणालात त्यावर माझा भरवसा बसला.

एक काम केलंय, तुमची परवानगी हवी. ऑफिसला दिलेल्या त्या पत्रातलं माझं नाव आणि ऑफिसचं नाव काढून कोरा नमुना टाइप करून घेतलाय, म्हणजे बाहेरच्या बाकावर बसणाऱ्यांना तो तुमच्याकडून भरून घेता येईल. अक्षर मोठं ठेवलंय आणि कागद पिवळसर घेतलाय, कारण चकचकीत पांढरा कागद आम्हा लोकांच्या डोळ्यांना खुपतो. मंगळवारी येताना झेरॉक्सचा गठ्ठा आणते. मजकुरात काही बदलायचं असेल तर पेनाने खुणा करून ठेवा, मी दुरुस्त करून आणीन.

तुमची ऋणी,
मंगळवारच्या बॅचमधली डोंबिवलीची पेशंट