आमदारांना लिहायच्या पत्राविषयी

चि. वैशू हिस अनेक आशीर्वाद.

जिल्हा परिषदेच्या भरतीत तुझे नाव प्रतीक्षायादीत असून मी आमदारांकडून एक शिफारसपत्र आणावे, असे तू लिहिले आहेस. तुझी घालमेल मला समजते, परंतु तसे पत्र मी आणणार नाही. तुझ्या वयाचा असताना, सेवायोजन कार्यालयातून मुलाखतीचे बोलावणे आल्यावर मीही एका पुढाऱ्याच्या लेटरहेडवरची चिठ्ठी खिशात घालून गेलो होतो. बाहेरच्या बाकावर बसलेल्या आम्हा चौघांकडे त्याच पुढाऱ्याची, त्याच मजकुराची चिठ्ठी होती आणि जागा एकच होती! शिवाय, उमेदवाराने वशिला लावणे हे अपात्रतेचे कारण ठरू शकते, हे जाहिरातीतील सूचनांत पाहा.

मात्र आमदारांना लिहूच नये, असे माझे म्हणणे नाही. 'मला नोकरी द्या' असे न लिहिता, 'रिक्त पदांवर प्रतीक्षायादीतील उमेदवारांना मुदत संपण्याआधी का बोलावले जात नाही, हे शासनाला विचारा' असे लिही. प्रश्न विचारणे हे त्यांचे कामच आहे. त्याआधी माहितीच्या अधिकाराखाली, दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून, तुमच्या संवर्गातील मंजूर, भरलेल्या आणि रिक्त पदांचे आकडे माग. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे; न मिळाल्यास प्रथम अपील कर. हे आकडे हाती नसतील तर आमदारांचे स्वीय सहायक तुझा अर्ज ढिगाऱ्यात टाकतील, आणि त्यात त्यांचाही फारसा दोष नाही.

आपल्या पदवीधर मतदारसंघाच्या आमदारांनाही प्रत दे. विधान परिषदेत असे सातच मतदारसंघ आहेत आणि तू त्यांची मतदार आहेस. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचे असते तो, बरेच दिवस आधी द्यावा लागतो, म्हणून दिवाळीची वाट पाहू नकोस.

पत्र एका पानाचे असावे, जाहिरात क्रमांक आणि निकालाची तारीख विषयातच यावी, आणि यादीतल्या तुम्हा सर्वांच्या सह्या असाव्यात. आपले घराणे त्यांचे जुने मतदार आहे, हे वाक्य कृपया घालू नकोस. पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे, आणि कच्चा मसुदा आधी मला पाठव.

तुझे,
अप्पा