मन्ना डे आणि कोळंबी

प्रिय पक्या,

'चेम्मीन' बघितलास का, या तुझ्या मेसेजला दोन ओळीत रिप्लाय देऊन भागणार नव्हतं म्हणून हे पत्र. रविवारी एकदाचा बघितला, रामू करिआतचा १९६५चा मल्याळम पिक्चर. नावाचा अर्थ कोळंबी! मी आधी हसलो, मग तीन दिवस त्यातलं एक गाणं डोक्यातून जाईना.

गोष्ट साधीच. कोळ्याची पोर करुतम्मा, मासळीचा मुसलमान व्यापारी परीकुट्टी, दोघांचं प्रेम. तिच्या बापाला होडी-जाळं घ्यायला पैसे परीकुट्टीच देतो, बाप ते सरळ बुडवतो आणि पोरीचं लग्न पळनी नावाच्या कोळ्याशी लावून मोकळा. त्यात कोळ्यांची समजूत अशी की बायको किनाऱ्यावर एकनिष्ठ राहिली तरच नवरा समुद्रावरून जिवंत येतो, नाहीतर कडलम्मा, म्हणजे समुद्रआई, त्याला गिळते. (नवरा कसा वागतो याच्याशी कडलम्माला काही घेणंदेणं नाही, असो.)

पण खरं सांगायचंय ते 'मानसमैने वरू'बद्दल. मनातल्या मैने, ये. शब्द वयलार रामवर्मांचे, चाल सलिल चौधरींची आणि गायलंय कोणी, तर मन्ना डेंनी! आपले 'घन घन माला नभी दाटल्या'वाले, ज्याची तू गॅदरिंगला पार वाट लावली होतीस. शेजारच्या केरळी काकांना ऐकवलं तर म्हणाले, उच्चार आमचे नाहीत हो, आणि लगेच डोळे मिटून अख्खं कडवं म्हणून दाखवलं, शेवटी आवाज कापला त्यांचा. मला वाटतं तो परका उच्चारच तिथे फिट्ट बसतो, कारण हे गाणं म्हणणारा परीकुट्टीही त्या वस्तीत परकाच ना, करुतम्माला हाका मारत फिरणारा. केरळच्याच येसुदासांचा घरचा आवाज याच पिक्चरमध्ये असताना या गाण्याला बंगाली गळा घेतला, मानलं बाबा. एडिटिंगही हृषीकेश मुखर्जींचं, आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक दक्षिणेत पहिल्यांदा यालाच मिळालं.

शेवट सांगत नाही, बघ तूच.

येसुदासांचं 'कडलिनक्करे पोणोरे' मात्र मस्कतमध्ये बसून ऐक. समुद्रापलीकडे जाणाऱ्यांनो, परत येताना काय आणाल, असं विचारलंय त्यात. तर डिसेंबरात येतोयस ना, हेडफोन आण. माझ्याचा डावा कान गेलाय, निम्मं गाणं एकाच बाजूने ऐकतोय.

तुझा,
बाळ्या