क्रूसाचा एकच अर्थ गाभा म्हणून सांगू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुड फ्रायडेच्या निमित्ताने आपल्या अंकात क्रूस आणि तारण (म्हणजे पापातून सुटका) या विषयावर आलेला लेख वाचला. लेख आस्थेने लिहिला आहे. मात्र पापामुळे संतापलेल्या देवाला शांत करण्यासाठी निरपराध पुत्राचा जीव द्यावा लागला, हाच ख्रिस्ती विश्वासाचा गाभा, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. त्याचा दोष एकट्या लेखकाला देता येणार नाही, कारण चर्चमधल्या प्रवचनांतूनही पुष्कळदा हेच कानावर पडते. तरीही हा गाभा नव्हे. क्रूसाची जी अनेक स्पष्टीकरणे झाली, त्यांतले हे एक, आणि तेही बऱ्याच उशिरा घडलेले.

बायबलच्या नव्या करारात बळीची भाषा आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्याच शेजारी खंडणी भरून सोडवलेला गुलाम आहे, मृत्यूवर मिळालेला विजय आहे, तुटलेल्या नात्याचा समेटही आहे. समेटाबद्दल प्रेषित पौल आपल्या पत्रात लिहितो की देव ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट करत होता. इथे पुढाकार कोणाचा आहे ते पाहावे. रुसलेल्या देवाची कोणीतरी समजूत काढली, असे पौल म्हणत नाही. दुरावलेल्या माणसाकडे देवच चालत आला, असे म्हणतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रातही आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, हा देवाच्या प्रेमाचा पुरावा म्हणून येतो.

आता इतिहास. खंडणी दिली खरी, पण कोणाला, या प्रश्नाने पहिल्या काही शतकांतले विचारवंत हैराण झाले होते. सैतानाला दिली, असे काही जण म्हणत. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्माचार्याने हे धुडकावले आणि पित्याने ती मागितली होती हेही नाकारले. पुढे 1098 च्या सुमारास कँटरबरीच्या आर्चबिशप अन्सेल्मने वेगळी मांडणी केली : पापाने देवाचा मान भंगला, त्याची भरपाई माणसाने करायला हवी, पण तेवढी ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. यात सरंजामशाहीतल्या मान-अपमानाची छाप उघड दिसते. फ्रेंच तत्त्वज्ञ आबेलार्डने पुढच्याच शतकात क्रूसावरचे प्रेम पाहून माणसाचे मन पालटते, यावर भर दिला. आणि आपल्या वाट्याची शिक्षा ख्रिस्ताने भोगली, ही न्यायालयाच्या वळणाची मांडणी सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाने पक्की केली. तो कायदा शिकलेला होता, हे इथे आठवतेच. ख्रिस्त देव आणि मनुष्य दोन्ही कसा, यावर आरंभीच्या सात सार्वत्रिक परिषदांनी (बिशपांच्या सभांनी) काथ्याकूट केला. क्रूसाने तारण नेमके कसे घडते, याची एकच व्याख्या मात्र त्यांपैकी एकीनेही बांधून दिली नाही. निकियाचा मतांगीकार, म्हणजे चर्चची जुनी विश्वासघोषणा, 'आमच्या तारणासाठी' एवढे म्हणून पुढे जातो.

तारण म्हणजे मेल्यावर स्वर्ग, हे लेखातले समीकरणही अपुरे आहे. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करायला तयार होतो. तेव्हा येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळाले. आज, आणि घराला! त्याच लूकने चार अध्यायांनंतर शेजारच्या क्रूसावरचा अपराधी दाखवला आहे. त्याला परतफेड करायला ना वेळ आहे, ना हात मोकळे. त्यालाही 'आज'च सुखलोकाचे वचन मिळते. केवळ विश्वासाने की सत्कृत्यांनीही, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शतकानुशतके भांडले. लूकने दोन्ही माणसे एकाच पुस्तकात ठेवली आहेत. 31 ऑक्टोबर 1999 रोजी औग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघाने या वादावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, याचा लेखात उल्लेखही नाही.

मला सर्वांत जास्त खुपले ते लेखातले सहनशीलतेचे गुणगान. क्रूस ही रोमनांची शिक्षा होती, मुख्यतः गुलाम आणि बंडखोरांसाठी. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर इ. स. पूर्व 71 मध्ये कापुआ ते रोम रस्त्यावर सुमारे 6,000 जणांना क्रूसावर चढवले गेले. दुर्बळांना धाक बसावा, हाच तिचा हेतू. अशा यंत्राचा दाखला देऊन मार खाणाऱ्या बायकोला किंवा पिळल्या जाणाऱ्या मजुराला 'हा तुझा क्रूस आहे, वाहा' असे सांगणे मला संतापजनक वाटते. येशूने एकाही रोग्याला दुखणे सोसत राहा म्हणून परत पाठवले नाही. अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत स्वतःवरचा दुःखाचा प्याला टळावा, अशी त्याने प्रार्थना केली. क्रूस उचलून मागे या, हे आवाहन त्याच्या वाटेने आपणहून चालणाऱ्यांना आहे. दुसऱ्याच्या खांद्यावर तो ठेवण्याचा परवाना कोणालाच नाही.

लेखात पुनरुत्थानावर जेमतेम एक ओळ आहे. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ, असे पौल करिंथकरांना बजावतो. पुनरुत्थानाशिवाय क्रूस म्हणजे रोमन सुभेदार पिलाताने दिलेला आणखी एक मृत्युदंड एवढेच उरते. तेव्हा ईस्टरच्या अंकात या विषयाला स्वतंत्र जागा द्यावी आणि शक्यतो ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या प्राचीन चर्चच्या) परंपरेतल्या अभ्यासकाकडून लिहून घ्यावे, ही विनंती. त्या परंपरेत क्रूस आणि रिकामी कबर कधीच वेगळी काढली जात नाहीत.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक